आलेखातून गाळलेले तीन दिवस

मालवणहून आले म्हटलं की आमच्या सोसायटीत पहिला प्रश्न येतो, "मासे काय काय खाल्ले?" आणि दुसरा, "पाण्याखाली गेलात का?" मासे भरपूर खाल्ले. पाण्याखाली मी गेले नाही, माझी डावी सँडल गेली. पण तिच्यापेक्षा मोठं काहीतरी त्याच आठवड्यात बुडालं, आणि तेच सांगायला बसले आहे. ज्यांना फक्त माशांत रस आहे त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी विचारावं.

मी भूजलशास्त्रज्ञ. जमिनीखालचं पाणी कुठून येतं, कुठे जातं आणि का नासतं हे बघणं हा माझा धंदा. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. गेल्या हिवाळ्यात माझ्या एका शोधनिबंधाला मोठं बक्षीस मिळालं. शाल, श्रीफळ, पितळी मानचिन्ह, आणि अध्यक्षांचं भाषण. ते म्हणाले, निष्कर्ष इतका स्पष्ट आहे की वादाला जागाच नाही. मला बरं वाटलं. का नाही वाटणार? तीस वर्षं चिखल तुडवल्यावर एखादी शाल अंगावर पडली तर माणूस काय झटकून टाकतो?

निबंध होता किनाऱ्यावरच्या विहिरी खारट का होतात यावर. तारकर्लीच्या पुढे खाडीकाठी एक गाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथले लोक अजून तिथेच राहतात आणि भांडण अजून मिटलेलं नाही. तिथल्या पाच विहिरींत आम्ही टॉर्चएवढ्या स्टीलच्या नळ्या सोडल्या होत्या. त्या दर तासाला पाण्याचा खारटपणा आपसूक टिपून ठेवायच्या. निष्कर्ष असा, की जग तापतंय, समुद्र चढतोय, म्हणून विहिरी खारट होताहेत. बक्षीस मिळाल्यावर वाटलं, ज्यांच्या विहिरी त्यांना भेटून यावं. दोन वर्षांत मी तिकडे फिरकले नव्हते. नळ्यांमधले आकडे माझा विद्यार्थी मंदार जाऊन घेऊन यायचा आणि मी पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायचे.

इंदूकाकींच्या पडवीत

कुडाळला गाडीतून उतरून रिक्षाने गावात पोचेपर्यंत सकाळचे नऊ वाजले होते. एप्रिल महिना. झाडावरचे काजू संपत आलेले आणि आंबे उतरवायची घाई चाललेली. रिक्षावाल्याने मला वाळूच्या पाणंदीच्या तोंडाशी सोडलं. माझ्या बॅगेची चाकं वाळूत दोन पावलंसुद्धा चालेनात, तेव्हा ती डोक्यावर घेऊन गेले. बक्षीसविजेत्या शास्त्रज्ञ बाई अशा थाटात दारात उभ्या!

"इलंस गो बाय? दोन वर्सां खंय होतंस?" इंदूकाकी पडवीतून म्हणाल्या. त्या माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. सगळ्या जगाला अरे-तुरे करतात, त्यातून देवही सुटत नाही. आमची एक नळी त्यांच्या विहिरीत होती. चार पाहुण्यांना घरगुती जेवण घालणं आणि मागची सुपारीची बाग सांभाळणं हा त्यांचा उद्योग. त्यांचे यजमान बाबलकाका आरामखुर्चीत पाय पसरून बसले होते.

मी बक्षिसाची शाल इंदूकाकींच्या खांद्यावर घातली. म्हटलं, ही खरी तुमची. बाबलकाका खुर्चीतून उठलेच. "आवशीचो घो! ह्या उन्हात शाल? हिका काय उकडून मारतंस?"

मग पेज आली. उकड्या तांदळाची गरम पेज, बरोबर भाजलेला सुका बांगडा. पुण्यात पाहुणा आला की आधी प्लेट, मग चमचा, मग "अहो घ्या ना" असं सगळं रीतीने चालतं. इथे वाडगा थेट हातात. मी एक घोट घेतला आणि सवयीने बोलून गेले, "काकी, मीठ जरा जास्त झालंय."

"मीठ घातलाच नाय गो," त्या म्हणाल्या.

खारट विहिरींवर मी तेवीस पानं लिहिली होती, पण त्या पाण्याची पेज आजवर प्याले नव्हते.

मग कळलं की गाव सध्या कशात गुंतलंय. वाडीच्या टोकाला एक मोठं लॉज आहे. त्याच्या दोन बोअरवेल आहेत, आणि आता पोहायच्या तलावासाठी त्याला तिसरी हवी होती, आणखी खोल. गावाने हरकत घेतली होती. गुरुवारी ओरोसला जिल्हा कार्यालयात सुनावणी. "तिसरी झाली तर आमची बाव गेली," इंदूकाकी विहिरीकडे बोट करून म्हणाल्या. "सुपारी जळतली. मगे आमी जावचा खंय?" त्यांच्या आवाजात रडकेपणा नव्हता. उद्या बाजार आहे, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं.

बाबलकाकांनी प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढले. लॉजच्या सल्लागाराने दिलेला अहवाल होता. "ह्या वाच. जग तापता म्हणान आमची बाव खारट, पंपाचो काय संबंध नाय म्हणे. कोण तरी पुण्याची बाई आसा, तिणा लिवलला. एकदा गावली ना, तर बावीतच ढकलतंय तिका!"

मी वाचलं. 'स्थानिक उपशाचा ठळक परिणाम आढळत नाही.' खाली संदर्भात मंदारच्या नावामागोमाग माझं आडनाव, माझ्या नावाची आद्याक्षरं. वाक्य माझंच होतं. एका ओळीत उरकलेलं, जाता जाता लिहिलेलं.

"बाबलकाका," मी म्हटलं, "ती बाई मीच."

ते इतके खजील झाले की मलाच त्यांची दया आली. इंदूकाकी मात्र शालीची घडी घालत शांतपणे म्हणाल्या, "मगे आमका कित्याक नाय दाखवलंस ता?"

काय सांगणार? की आम्ही संशोधक लेख लिहितो फुकट, दुसऱ्यांचे तपासतो फुकट, आणि छापून आला की नियतकालिकवाले त्याला कुलूप घालतात. वाचायचा तर पैसे मोजा. लॉजच्या सल्लागाराने ते मोजले असणार. ज्यांची विहीर, त्यांच्याकडे मात्र तो लेख नव्हता. मीही कधी एक प्रत पोस्टाने पाठवली नव्हती. त्याला कुणाचं कुलूप आडवं आलं नव्हतं, तो माझा निव्वळ आळस.

तरी त्या संध्याकाळी मी माझी बाजू सोडली नाही. आकडे आहेत, पुरावा आहे, समुद्र चढतोच आहे, वगैरे वगैरे. मोरीचं मटण खात खात मी त्यांना दीड तास समजावलं. मोरी म्हणजे शार्क. मटण सुरेख झालं होतं आणि माझं व्याख्यान अगदीच बेचव. दोघांनी ऐकून घेतलं. पाहुण्याला मध्येच तोडायचं नाही, ही तिथली रीत.

रेघ तुटली कित्याक?

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी बघायला विहिरीवर गेले. वहाणा खाली काढायच्या असतात हे विसरले, कठड्यावर पाय दिला, वाकले, आणि डावी सँडल सरळ पाण्यात. पिण्याच्या पाण्यात! मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबलकाकांनी पोहरे काढायचा गळ आणून अर्ध्या तासात ती वर घेतली आणि माझ्यापुढे ठेवली. "बाईच्या बदली चप्पल गेली. फिटला आमचा!"

मग पडवीत बसून मी निबंधाची छापील प्रत उघडली. खास त्यांच्यासाठी आणली होती. पाचही विहिरींचे आलेख एकाखाली एक. खारटपणाची रेघ हळूहळू वर चढत जाते. फार देखणा आलेख, मुखपृष्ठावरही तोच होता. इंदूकाकींनी चष्मा लावला आणि बोट ठेवलं.

"हंय रेघ तुटली कित्याक?"

"तिथे नळ्या बिघडल्या होत्या. तीन-चार दिवसांचे आकडे काहीतरीच आले, ते काढून टाकले."

"पाचीच्या पाची बावींत? एकदम?"

"हो... तसंच झालं खरं."

"तारीख काय ती?"

मी खालचे बारीक आकडे बघून सांगितलं. गेल्याच्या आधीच्या डिसेंबरचा दुसरा आठवडा. इंदूकाकी आधी माझ्याकडे बघत राहिल्या, मग हसल्या. "अगो बाय, तेव्हा गावपळण होती."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. इकडच्या काही गावांत दर काही वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल झाला की अख्खं गाव वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. तीन दिवस तीन रात्री रानात झोपड्या घालून राहायचं. गावात चूल पेटत नाही, चिटपाखरू राहत नाही. लॉजवालासुद्धा पाहुण्यांना परत पाठवून, टाळं लावून गेला होता. देवाशी कोण वैर घेणार!

म्हणजे तीन दिवस गावात एकही पंप चालू नव्हता. पंपाने गोडं पाणी उपसलं की त्याच्या जागी समुद्राचं खारं पाणी आत ओढलं जातं, आणि पंप थांबले तर ते मागे हटायला हवं.

मी लॅपटॉप उघडला. गाळलेले मूळ आकडे मंदारने जपून ठेवले होते, शहाणा मुलगा. पहिल्या दिवसापासून खारटपणा उतरू लागला होता. दुसऱ्या दिवशी आणखी, तिसऱ्या दिवशी आणखी. चौथ्या दिवशी गाव परत आलं, पंप सुरू झाले, आणि रेघ पुन्हा वर. नळ्या ठणठणीत होत्या. बिघडलं होतं ते माझं डोकं.

"एवढो गाव रिकामो झालो," बाबलकाका म्हणाले, "तुमका कोणीच सांगूक नाय?"

सांगायला कुणी नव्हतं असं नाही, आम्हीच कुणाला विचारलं नव्हतं. आणि मी इथे खरं ते लिहिते. मंदारने मला विचारलं होतं. "मॅडम, पाचही एकदम कशा बिघडतील?" तेव्हा बक्षिसासाठी नाव पाठवायची मुदत जवळ आली होती, निबंध तपासणारे फाटे फोडतील अशी भीती होती. मी म्हटलं, "काढून टाक रे, उगाच घोळ नको." त्या घोळातच तर खरं उत्तर होतं. रेघ सरळ दिसली म्हणून मला बक्षीस मिळालं, आणि ती सरळ मी केली होती.

दुपारी मंदारला फोन लावला. निबंधावर पहिलं नाव त्याचं. पुढच्या महिन्यात प्राध्यापकाच्या जागेसाठी त्याची मुलाखत होती, आणि त्या अर्जात दाखवण्यासारखं हेच एक मोठं काम. मी सगळं सांगितलं.

"मॅडम, उद्या तुम्ही हे बोललात तर तापमानवाढ थोतांड आहे म्हणणारे लोक नाचतील. म्हणतील, बघा, शास्त्रज्ञच कबूल करताहेत."

"नाचू देत."

"आणि समुद्र चढतोय हे खोटं नाहीच ना?"

"खोटं नाही. पण अर्धंच सांगितलं आपण. जगाच्या माथी मारलं की इथल्या कुणावरच जबाबदारी येत नाही, मंदार. लॉजवाला सुटला, कार्यालय सुटलं. आपण त्यांना पळवाट काढून दिली." मग मी म्हटलं, "तुझं नाव मी घेणार नाही. गाळायला मीच सांगितलं होतं."

मग तो म्हणाला, "घ्या मॅडम. पहिलं नाव माझंच आहे." फोन ठेवल्यावर मला रडू आलं. लाज वाटली म्हणून, आणि त्याचा अभिमान वाटला म्हणूनही.

ओरोस

गुरुवारी एसटीने ओरोसला. कार्यालयात पंखा फिरत होता आणि त्याखाली कागद उडू नयेत म्हणून प्रत्येकावर काहीतरी ठेवलेलं. इंदूकाकी ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. आत गेल्याबरोबर त्यांची भाषाच बदलली. "साहेब, माझे म्हणणे असे आहे की..." पाठ केलेलं, कडक इस्त्रीचं मराठी. ऐकून मलाच अवघडल्यासारखं झालं.

सल्लागार तरुण होता, सभ्य होता. त्याने माझा निबंध वाचून दाखवला. उच्चार चांगले होते. मी उभी राहिले.

"आपण कोण?" साहेबांनी विचारलं.

"ह्या निबंधाची लेखिका."

"अरे वा! मग तुम्ही लॉजच्या बाजूच्या."

"नाही. निबंध चुकला आहे, हे सांगायला आले आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी गावपळणीचं सांगितलं, गाळलेले आकडे दाखवले. साहेब ऐकत होते, माणूस वाईट नव्हता. पण शेवटी म्हणाले, "मॅडम, तुमचा निबंध छापील आहे, वर बक्षीस मिळालेला. आत्ता तुम्ही बोलताय ते तोंडी. मी फाइलला काय लावू?"

दुरुस्ती छापून यायला किती महिने लागतील हे मला ठाऊक होतं. झाकली मूठ मी उघडली, तर तीत कुणालाच काही दिसेना. आणि मग इंदूकाकी उठल्या. इस्त्रीचं मराठी गेलं कुठच्या कुठे.

"साहेबानू, छापील ऱ्हवांदे. तीन दिवस गावातले सगळे पंप बंद करा. लॉजचे पण. मगे तुमचो माणूस येवन बघांदे. बाव काय खोटा बोलना नाय."

मी घाबरले. हळूच म्हटलं, "काकी, तेव्हा डिसेंबर होता, जमिनीत पावसाचं पाणी होतं. एप्रिलमध्ये उतरेलच असं नाही. नाही उतरलं तर तुमची केस गेली."

"नाय उतारला तर नाय," त्या म्हणाल्या. "माका पण कळांदे."

तीस वर्षं मी ज्याला विज्ञान म्हणत आले, ते एवढंच तर असतं. साहेबांना मार्ग पटला. सल्लागाराचा माझ्या निबंधावर माझ्याहून जास्त विश्वास होता, त्यामुळे तोही हो म्हणाला.

वालावल

शुक्रवारी सकाळी पंप बंद झाले. गावकऱ्यांचं सगळं गोडीगुलाबीत झालं असं नाही. एप्रिलच्या उन्हात सुपारीला तीन दिवस पाणी नाही, हे काय थोडं झालं? एकाने मला तोंडावर सुनावलं, "गावपळण देवान सांगतली तर करू, पुण्याच्या बायेन सांगतली म्हणान करूची?" बाबलकाका त्याला म्हणाले, "बायेन नाय रे, माझ्या बायलेन सांगल्यान. देवापेक्षा कडक आसा ती." आणि लोक हसून तयार झाले. प्यायला पुरतं पाणी पोहऱ्याने काढायचं, बाकी बंद.

मला घरात बसवेना. शनिवारी वालावलला गेले. लक्ष्मीनारायणाचं देऊळ, शेजारी तळं, तळ्यावर नारळांची सावली. घाटाच्या पायरीवर बसून राहिले. मोठमोठ्या परिषदा आठवल्या. आमची भाषणं, एकेका शब्दावरून रात्र रात्र भांडणारे देशोदेशीचे मुत्सद्दी, आणि शेवटी सगळ्यांना चालेल असा एक मिळमिळीत ठराव. तिथे मी नेहमी जगाच्या बाजूने बोलत आले. गावातल्या कुणाशी वाकडं घ्यावं लागत नाही, म्हणून जगाच्या बाजूने बोलणं सोपं असतं, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. पुजाऱ्यांनी प्रसादाचं केळं दिलं. परतीची एसटी चुकली.

तिसरा दिवस

कागदांचं आधीच सांगून टाकते. दुरुस्ती मी नियतकालिकाला पाठवली आहे. 'विचाराधीन' असं उत्तर आलंय. बक्षीस समितीलाही पत्र लिहिलं, मानचिन्ह परत न्या म्हणून. त्यांनी कळवलंय की परत घेण्याची तरतूद नियमांत नाही. मंदारने मुलाखतीत हे सगळं आपणहून सांगितलं, निकाल अजून लागायचा आहे. तिसऱ्या बोअरची परवानगी सध्या थांबली आहे. सध्या, एवढंच.

आता त्या संध्याकाळचं. रविवार असूनही ओरोसहून कारकून मीटर घेऊन आला होता. विहिरीविहिरीवर माणसं जमली. लॉजच्या बाजूच्या दोन विहिरींत काटा चांगला उतरला होता, लोकांनी एकच ओरडा केला. मधल्या विहिरीत थोडा. खाडीकडच्या विहिरीत काटा जागचा हलला नाही. कारकुनाने दोनदा तपासलं, मी तिसऱ्यांदा. नाही म्हणजे नाहीच. शेवटी इंदूकाकींची विहीर. उतरला होता, पण डिसेंबरात उतरला होता त्याच्या निम्माच.

इंदूकाकींनी मीटरकडे पाहिलंच नाही. पोहरा वर घेतला, ओंजळीत पाणी घेऊन तोंडात घोळवलं आणि गिळलं.

"वायच गोडा झाला. पूर्वीसारख्या नाय." मग माझ्याकडे वळल्या. "म्हंजे अर्धा पंपाचा, अर्धा दर्याचा?"

"साधारण तसंच, काकी. खाडीकडची विहीर तर आता उन्हाळ्यात पूर्ण समुद्राचीच."

त्यांनी मान हलवली. "पंपाच्या अर्ध्याचा आमी बघतलों. पंप हंयचे, भांडणा हंयची. दर्याच्या अर्ध्याचा कोण बघतलो?"

हा प्रश्न मी स्वतःच किती व्यासपीठांवरून विचारला असेन, आणि प्रत्येक वेळी एक उत्तरही तयार असायचं. अमक्या देशांनी असं करावं, तमक्यांनी तसं. त्या विहिरीपाशी मात्र चाळीस-पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"ह्या तरी खरा बोललंस," इंदूकाकी म्हणाल्या, आणि पोहऱ्यातलं उरलेलं पाणी त्यांनी मला प्यायला दिलं.